विनी द पूची राइड: हाँगकाँग, टोकियो, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया... तुम्ही कुठली केलीत?

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं मे महिन्यापासून मनात आहे, पण शाळा सुरू झाल्या, मग पाऊस, मग घरात पाहुणे, आज जरा निवांत आहे तर लिहूनच टाकते. आम्ही २०१८ च्या दिवाळीत हाँगकाँग डिस्नेलँडला गेलो होतो तेव्हा लेक चार वर्षांची होती. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत टोकियोला गेलो आणि आता धाकटा चार वर्षांचा आहे. दोन्हीकडे विनी द पू या मधवेड्या कार्टून अस्वलाची राइड केली. गोष्ट तीच, अस्वल तेच, पोरांचं वयसुद्धा तेच, आणि तरी दोन्हींत एवढा फरक की परत आल्यापासून तेच डोक्यात आहे.

ज्यांनी केली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. याला डार्क राइड म्हणतात. बाहेरून इमारत दिसते, आत अंधार, आपण छोट्या गाडीत बसायचं आणि गाडी एकेका प्रसंगासमोरून नेते. हाँगकाँगला मधाच्या भांड्यासारखी गाडी आहे, रुळावरून चालते. आधी वादळी वारा सुटलेला, मग घुबडाचं घर, पूचा वाघोबा मित्र टिगर त्याच्या उड्या, मग पूला झोप लागते आणि स्वप्नात मध चोरणारे रंगीबेरंगी हेफलंप, म्हणजे हत्तीसारखे काल्पनिक प्राणी, येतात, मग पाऊस, पूर आणि शेवटी पार्टी. लेक सलग तीनदा बसली. मला पण खूप आवडली होती, तेव्हा वाटलं यापेक्षा चांगलं काय असणार.

मग टोकियो. तिथे तिचं नाव पूज हनी हंट. दारातच भलंमोठं उघडं पुस्तक आणि रांग जाते ती त्या पुस्तकाच्या पानापानांमधून, म्हणजे रांगेत असतानाच गोष्टीत शिरल्यासारखं वाटतं. आत मधाची भांडी, पुढे दोघं मागे तिघं बसतात आणि तीन भांडी एकदम सोडतात. धाकट्याने बसायच्या आधी वाकून बघितलं आणि मला म्हणाला, आई रूळ कुठेयत? मी पण वाकले. नव्हतेच! सपाट जमीन. आणि मग ती तीन भांडी अशी काही निघाली, एक डावीकडे एक उजवीकडे, फुग्याला लटकलेल्या पूकडे तोंड करून थांबली, आणि हेफलंपच्या खोलीत तर एकमेकांभोवती गिरक्या घेत नाचायलाच लागली. पुढे आपण कुठे वळणार हे कळतच नाही. हाँगकाँगला पुढची गाडी ज्या कोपऱ्यावरून वळली तिथूनच आपण वळणार हे चार वर्षांच्या पोराला पण समजतं.

माझं मत स्पष्ट सांगते, टोकियोची राइड दुसऱ्या कुठल्या पूशी तोलूच नये, ती वेगळीच गोष्ट आहे. पण अमेरिकेतल्या मी बघितल्या नाहीत. ज्यांनी बघितल्यात त्यांनी लिहा ना, सविस्तर लिहा.

सातपूर_शिफ्ट:
ताई छान धागा. रूळ नाहीत म्हणजे नेमकं काय ते मी सांगतो कारण माझं रोजचं काम त्याच जातीच्या गाड्यांशी आहे. आमच्या कारखान्यात माल नेणाऱ्या बिनड्रायव्हरच्या गाड्या आहेत, एजीव्ही म्हणतात. जमिनीवर चुंबकीय पट्टी चिकटवलेली असते, पट्टी जिथे गाडी तिथे. म्हणजे तो पण एक प्रकारचा रूळच झाला, फक्त लोखंडाचा नाही.

साध्या डार्क राइडमध्ये गाडीला वीज रुळाशेजारच्या बसबारमधून, म्हणजे वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्टीतून मिळते आणि मार्गाचे ब्लॉक पाडलेले असतात. एका ब्लॉकमध्ये एकच गाडी. पुढचा ब्लॉक रिकामा नसला की आपली रेल्वे देवळाली स्टेशनला उभी करून ठेवतात ना, तोच हिशेब. टक्कर होणार नाही याची सोय रस्त्यातच करून ठेवलेली. टोकियोची राइड ४ सप्टेंबर २००० ला सुरू झाली, आणि तिथे प्रत्येक भांड्याला स्वतःची बॅटरी आहे, आपण या क्षणी कुठे आहोत आणि कुठल्या दिशेला तोंड आहे ते सिस्टीमला सतत माहीत असतं, आणि कॉम्प्युटर सगळ्या भांड्यांना मिळून हलवतो. एकाच खोलीत एवढ्या गाड्या एकमेकींच्या अंगावर येतात आणि हातभर अंतरावरून निघून जातात. आमच्या गाडीसमोर माणूस आला तर ती थांबते, एवढं जमवायला आम्हाला किती दिवस गेले ते मला माहितीये. म्हणून सांगतो, २००० साली हे रोज सकाळपासून रात्रीपर्यंत माणसं बसवून चालवणं ही फार मोठी गोष्ट होती. मी व्हिडिओ बघून बघून ती खोली पाठ केलीये, प्रत्यक्ष जायचंय एकदा.

देखावेवाला_जुनं_नाशिक:
मी यातली एकच केली आहे, हाँगकाँगची, २०१६ ला. पण हलते देखावे करण्यात माझी तीस वर्षं गेली त्यामुळे बोलायचा हक्क घेतो.

ताई, तुम्ही म्हणता पुढे कुठे वळणार ते कळतं म्हणून हाँगकाँगची कमी. मला नाही पटत. देखाव्यात काय असतं, वायपर मोटर, कॅम, मागे दोरी नाहीतर सळई. हात वर जातो, खाली येतो, परत वर जातो. आवाज टेपवर. तो हात पुढच्या वेळी पण तसाच वर जाणार हे समोर उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत असतं, तरी लोक तीन तीन वेळा बघतात, पोरगं बापाच्या खांद्यावरून ओरडतं, आता उठेल बघ आता उठेल बघ! आणि उठला की टाळ्या. पुढचं माहीत असण्यात मजा असते. तुमची लेक तीनदा बसली ती त्याचमुळे, पहिल्यांदा बघायला आणि नंतर दोनदा आधीच सांगायला.

आणि दुसरी गोष्ट, देखाव्यासमोर सगळं घर एकाच वेळी एकाच गोष्टीकडे बघतं. हाँगकाँगला पण तसंच. घुबडाचं घर आलं की सगळी गाडी घुबडाच्या घराकडे. मी, बायको, दोन नातवंडं, चौघांची बोटं एकाच दिशेला. टोकियोत तीन भांडी तीन वाटांनी जातात म्हणजे तीन जण तीन गोष्टी बघतात. कसब मोठं आहे, नमस्कार आहे त्याला, पण गोष्ट सांगायची असेल तर ऐकणारे एका जागी बसलेले बरे.

कॉलेजरोड_ते_कॅलिफोर्निया:
मी कॅलिफोर्नियातल्या अॅनाहाइमची केलीये, भरपूर वेळा, कारण ऑफिसपासून जवळ होतं आणि पास होता. ही तिथे ११ एप्रिल २००३ ला सुरू झाली. गाड्या मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराच्या आहेत. प्रामाणिकपणे सांगतो, चारांमध्ये सगळ्यात साधी हीच असेल, आणि पार्कच्या एका कोपऱ्यात आहे त्यामुळे रांग अगदी किरकोळ, लहान पोरं असलेल्यांसाठी हे फार महत्त्वाचं. दुपारी एक वाजता ऊन तापलेलं असताना आत जाऊन बसलं की जीव थंड होतो.

पण एक गोष्ट आहे जी माहीत असल्याशिवाय दिसत नाही. त्या जागी आधी गाणारी अस्वलं होती, यांत्रिक, कंट्री बेअर नावाचा शो. तो २००१ मध्ये बंद करून तिथे पू आणला. हेफलंपच्या खोलीतून बाहेर पडलं की सगळे पुढे बघतात. तिथे मान वळवून मागे वर बघायचं. त्या जुन्या शोमधली भिंतीवरची तीन मुंडकी, हरीण, म्हैस आणि मूस, तिथे अंधारात अजून लावून ठेवलेली आहेत. मॅक्स, बफ आणि मेल्विन अशी नावं. पहिल्यांदा एका तिथल्याच आजोबांनी मला दाखवलं, त्यांनी ती मुंडकी गाताना लहानपणी बघितली होती. मला तेव्हा आपल्याकडचे पाडलेले वाडे आठवले, नव्या बिल्डिंगच्या लॉबीत जुन्या वाड्याचा एखादा खांब ठेवतात तसं.

इंदिरानगरची_आजी:
मी फ्लोरिडाची केली आहे. मुलगा तिथे होता तेव्हा दोनदा गेले, २०१२ आणि २०१७. टाइप करायला वेळ लागतो पण लिहिते.

तिथेही मधाचं भांडं आहे. टिगर आला की गाडी खरंच उड्या मारते, मला गुडघ्याची धास्ती होती पण धक्के हळू आहेत. पुराच्या प्रसंगात गाडी अशी डुलते की पाण्यावर तरंगतोय असं वाटतं, पाणी नसतानाही. २०१७ साली नात सहा वर्षांची होती, ती माझा हात धरून म्हणाली आजी घाबरू नको खोटं पाणी आहे. तो हात मला आठवतो, बाकी यंत्रातलं मला कळत नाही.

आणि वर त्या दादांनी मुंडक्यांचं लिहिलं ना, तसंच फ्लोरिडालाही आहे. तिथे आधी मिस्टर टोड नावाच्या बेडकाची राइड होती, ७ सप्टेंबर १९९८ ला बंद केली. बंद करू नका म्हणून लोक पार्कमध्ये टोडचे शर्ट घालून जमायचे. मग १९९९ च्या जूनमध्ये पू सुरू झाला. घुबडाच्या घरात भिंतीवर एक तसबीर आहे, त्यात टोड घराची कागदपत्रं घुबडाच्या हातात देतोय. म्हणजे घर रीतसर सोपवलं. मला ही गोष्ट मुलाने सांगितली तेव्हा फार बरं वाटलं. जाणाऱ्याला असं सन्मानाने पाठवावं.

कॉलेजरोड_ते_कॅलिफोर्निया:
आजी, किती सुंदर लिहिलंत. टोडची राइड कॅलिफोर्नियात अजून चालू आहे बरं का, १९५५ पासूनची, पार्क उघडलं तेव्हापासून. आणि फ्लोरिडाच्या पार्कातल्या भुताच्या हवेलीच्या राइडबाहेर प्राण्यांची स्मशानभूमी आहे त्यात मागच्या बाजूला टोडचा छोटा पुतळा आहे. म्हणजे त्याला विसरले नाहीत.

पाथर्डीफाट्याची_आई:
नमस्कार, धागा वाचून खूप छान वाटलं पण माझा प्रश्न जरा वेगळा आहे. माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे, दिवाळीत कुठेतरी जायचं ठरतंय, हाँगकाँग किंवा टोकियो. तो अंधाराला खूप घाबरतो. नवरात्रात कालिका यात्रेत भूतबंगल्याच्या बाहेर नुसता आवाज ऐकून एवढा रडला की आम्ही पाळण्यात न बसताच घरी आलो. मागे एका टूरवाल्यांबरोबर गेलो होतो तेव्हा त्यांनी प्रत्येक ठिकाणी घाई घाई केली आणि मूल घाबरलं तर थांबायला पण वेळ दिला नाही, त्यामुळे या वेळी आपलं आपण जायचं ठरवलंय. हेफलंपची खोली किती अंधारी असते? त्याला घेऊन बसू का?

कालिदास_विंगेतून:
ताई, मी नाटकाच्या प्रकाशयोजनेचं काम केलेलं आहे, याचं उत्तर मी देतो. डार्क राइडमधला अंधार भूतबंगल्यातल्या अंधारासारखा नसतो. भूतबंगल्यात अंधार असतो तो समोरून काहीतरी अंगावर यावं म्हणून. इथे अंधार असतो भिंत दिसू नये म्हणून. सगळे रंग आपण ज्याला रेडियमचे रंग म्हणतो तसे असतात, त्यावर अल्ट्राव्हायोलेट दिवे सोडले की रंगवलेलं तेवढंच उजळतं आणि मागचा काळा पडदा, छत, यंत्रं सगळं नाहीसं होतं. त्यामुळे मुलाला अंधार दिसत नाही, त्याला चमकणारे रंग दिसतात. आम्ही बालनाट्यात हेच करायचो, काळे कपडे घातलेला माणूस रेडियमचा मासा घेऊन रंगमंचावर फिरायचा आणि पोरांना फक्त पोहणारा मासा दिसायचा. त्यात कधी मूल रडलेलं मला आठवत नाही. रडायचं ते पहिली घंटा झाली की दिवे एकदम जायचे तेव्हा. म्हणजे उजेडातून काळोखात जाणारा पहिला क्षण जपायचा. राइडच्या रांगेत उजेड हळूहळू कमी होत जातो, तेव्हा त्याला कडेवर घ्या आणि आता आपण रंग बघायला चाललोय असं सांगत राहा.

देखावेवाला_जुनं_नाशिक:
अगदी बरोबर. आणि त्याला मधे बसवा, दोन्हीकडून आईबापाचा हात लागला पाहिजे.

गोदाकाठची:
@पाथर्डीफाट्याची_आई, पूच्या राइडला उंचीची अट नाही, कडेवरचं बाळ घेऊनही बसतात. हेफलंपची खोली रंगीत आहे, माझा धाकटा तिथे हसत होता. त्याला भीती वाटली ती सुरुवातीच्या वाऱ्याच्या आवाजाची. कानावर हात ठेवायला सांगितलं, झालं. अडीच वर्षाच्या मुलाला मी तरी आधी हाँगकाँग म्हणेन. आपल्याला आधी ऑनलाइन नोंदणी करून जाता येतं, वेगळा व्हिसा लागत नाही, जपानला व्हिसा काढावा लागतो. पार्क पण छोटं आहे, मुलाची झोपेची वेळ झाली की हॉटेलवर परत येणं सोपं जातं.

आणि देखावेवाले काका, तुमची पोस्ट दोन दिवस डोक्यात घोळत होती. तुम्ही म्हणालात तीन जण तीन गोष्टी बघतात. आमच्या बाबतीत ते अक्षरशः तसंच झालं. आम्ही सहा जण होतो, सासूबाई-सासरे पण बरोबर होते. एका भांड्यात पाच जणच बसतात म्हणून आम्हाला तिघं तिघं केलं. मी, धाकटा आणि सासूबाई एका भांड्यात, हे, लेक आणि सासरे दुसऱ्या. आत मला वाईट वाटत होतं हे खरं सांगते. धाकटा एका क्षणी इतका खूश झाला, मी पटकन मान वळवली यांना दाखवायला, तर ते भांडं पाठ करून भलतीकडे चाललेलं. तुमची बोटं एकाच दिशेला असण्याची गोष्ट तेव्हा मला नको तशी समजली.

पण रात्री काय झालं सांगते. जेवायला बसलो तर लेक म्हणाली आम्ही हेफलंपच्या एवढे जवळ गेलो की हात लावला असता. धाकटा म्हणाला खोटं, आम्ही लांब होतो. मग सासऱ्यांनी टेबलावर तीन कप ठेवले, हे आपलं भांडं, हे त्यांचं, हे तिसऱ्या लोकांचं, आणि सगळी राइड कपांनी परत चालवली. सासूबाई एरवी अशा गोष्टींत बोलत नाहीत, त्यांनी सांगितलं की तुमचं भांडं आमच्या मागून गेलं तेव्हा मी तुला हात केला होता, तू बघितलंच नाहीस. लेकीने खरंच बघितलं नव्हतं. तर एक तासभर हेच चाललं होतं. हाँगकाँगनंतर असं काही बोलणं झालेलं मला आठवत नाही, कारण सगळ्यांनी सगळं बघितलेलंच होतं, सांगायला कुणाकडे काही उरलंच नव्हतं.

देखावेवाला_जुनं_नाशिक:
हे वाचून मी थांबलो. कपांचं आवडलं. तरी माझं मत बदललं नाही ताई, लहान पोराने बघ म्हटलं की त्याच क्षणी बघणारं शेजारी हवं, रात्रीपर्यंत त्याचं निम्मं विसरून होतं. पण मोठी मुलं असतील तर तुमचं खरं आहे.

सातपूर_शिफ्ट:
काका, एक मधला मार्ग आहे. हाँगकाँगलाच मिस्टिक मॅनर नावाची राइड आहे, १७ मे २०१३ ला सुरू झाली, ती पण बिनरुळाची. लॉर्ड हेन्री मिस्टिक नावाचा संग्रह करणारा माणूस, त्याचं माकड आल्बर्ट, ते जादूची संगीतपेटी उघडतं आणि वाड्यातल्या सगळ्या वस्तू जिवंत होतात. गाड्या गटाने निघतात, मधे फुटतात आणि परत एकत्र येतात. म्हणजे पू रुळावरचा आणि मॅनर बिनरुळाचं, दोन्ही एकाच पार्कात एका दिवसात बघून ज्याने त्याने ठरवावं. संगीत डॅनी एल्फमन यांचं आहे, ते हेडफोन लावून ऐका. टोकियोत आता २०२० पासून ब्यूटी अँड द बीस्टची पण आलीये, त्यात कपाच्या आकाराच्या गाड्या नाचतात संगीतावर. पुढची पिढी म्हणता येईल पण सुरुवात पूच्या भांड्यांनी केली हे विसरू नये.

कॉलेजरोड_ते_कॅलिफोर्निया:
मिस्टिक मॅनरमध्ये अडीच वर्षांच्या मुलाला नका नेऊ पण लगेच, शेवटी सगळा वाडा उलटापालटा होतो, आवाज मोठा आहे. खोपोलीला इमॅजिका पार्कातल्या सलीमगढ या भुताच्या राइडमध्ये माझा पुतण्या सात वर्षांचा असून चिकटून बसला होता. आधी पू करा, तो हसत बाहेर आला तर पुढचं बघा.

इंदिरानगरची_आजी:
मला एक विचारायचं आहे. टोकियोला पू जपानीत बोलतो ना? मग कळतं का?

गोदाकाठची:
हो आजी, सगळं जपानीत. एक शब्द कळला नाही आणि काही अडलं पण नाही. वारा सुटला, फुगा वर गेला, मध सापडला, हे बघून कळतं. बाहेर पडलात की मधाच्या चवीचे पॉपकॉर्न मिळतात, त्याचा वास रांगेपर्यंत येतो. सासूबाईंनी त्याचा डबा घरी आणलाय, त्यात आता शेंगदाणे भरलेत.

पाथर्डीफाट्याची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. हाँगकाँग ठरवलं. काल रात्री खोलीतला दिवा घालवून मोबाइलच्या उजेडात भिंतीवर रंगीत कागद दाखवले त्याला, कालिदासवाल्या काकांनी सांगितलं तसं आता रंग बघायचे म्हणत म्हणत. आधी बिलगला, मग स्वतःच म्हणाला दिवा नको लावू. दिवाळीनंतर इथेच येऊन लिहिते काय झालं ते.

देखावेवाला_जुनं_नाशिक:
नक्की लिहा. आणि त्याने कशाकडे पहिलं बोट केलं तेवढं लक्षात ठेवा.